फ्रान्सप्रदक्षिणेचा उत्तरार्ध

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी भुसावळ सोडून मलकापूरच्या दिशेने वऱ्हाडच्या हद्दीकडे सरकू लागते, तेव्हा तिच्यामागे सुमारे साडेचारशे किलोमीटरांचा लोहमार्ग पडलेला असतो. गाडीत नुसते बसूनही ज्याने अंग आंबावे असे हे अंतर, किंबहुना त्याहून काकणभर अधिकच, 1903 च्या जुलै महिन्यात फ्रान्सच्या खडीच्या रस्त्यांवरून काही माणसे सायकलीवर बसून, मध्ये मुक्काम न करता आणि रात्र जागून, एकाच मजलेत कापीत होती. आणि हे एकदाच करून थांबावयाचे नव्हते, तर अठरा-एकोणीस दिवसांत अशा लहानमोठ्या सहा मजला मारून, देशाला वळसा घालून, जेथून निघाले त्या पॅरिसला परत यावयाचे होते. पॅरिस ते लियाँ 467 किलोमीटर, लियाँ ते मार्सेय 374, मार्सेय ते तुलूझ 423, तुलूझ ते बोर्दो 268, बोर्दो ते नांत 425 आणि नांत ते पॅरिस 471, असा एकूण 2428 किलोमीटरांचा तो पहिला मार्ग होता. या पहिल्या प्रदक्षिणेची कथा सांगताना आरंभीचा गाजावाजा आणि अखेरचा जयघोष यांवरच रेंगाळण्याचा मोह होतो. परंतु मला तिचा उत्तरार्ध, म्हणजे तुलूझपासून पुढचे तीन टप्पे, अधिक विचारार्ह वाटतात. शर्यतीचे नाव पूर्वार्धाने झाले. तिचा स्वभाव मात्र उत्तरार्धात उघडा पडला.

त्या जुलैत आपला बुलढाणा जिल्हा कोठे होता, हेही येथे सांगून टाकतो. निजाम आणि लॉर्ड कर्झन यांच्यातील 5 नोव्हेंबर 1902 च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक पंचवीस लक्ष रुपयांच्या खंडाने इंग्रज सरकारकडे कायमचा गेलेला होता, आणि 1 ऑक्टोबर 1903 रोजी त्याचा कारभार मध्यप्रांताच्या चीफ कमिशनराच्या दप्तरात दाखल व्हावयाचा होता. खामगाव व जळगाव (जामोद) हे तालुके अद्याप अकोला जिल्ह्यात मोडत. ते बुलढाण्याकडे आले 1905 साली. शेगावी गजानन महाराज हयात होते, खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी जलंबहून घातलेल्या लोहमार्गाच्या फाट्याला तेहेतीस वर्षे झाली होती, आणि पावसाने भिजलेल्या काळ्या जमिनीतील गाडीवाटांवरून बैलगाडी न रुतता गावास पोहोचली तरी गाडीवान देवाचे आभार मानी. अशा मुलखातील वाचकाला दूरच्या देशातील ती शर्यत हा निव्वळ चाकांचा खेळ वाटू नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

शर्यतीचे मूळ एका वर्तमानपत्री हाडवैरात होते. ड्रेफस या लष्करी अधिकाऱ्यावरील खटल्यावरून फ्रान्समध्ये जे दोन तट पडले त्यांत 'ल व्हेलो' या खपाऊ क्रीडापत्राचा संपादक एका बाजूस आणि त्याचे धनाढ्य जाहिरातदार दुसऱ्या बाजूस पडले. जाहिरातदारांनी रागाने 1900 साली दुसरे पत्र काढले, त्यावर आंरी देग्रांज या माजी सायकलपटूस संपादक नेमले, आणि 1903 च्या जानेवारीत न्यायालयाच्या हुकुमाने त्या पत्राला आपल्या नावातील 'व्हेलो' हा शब्द गाळून केवळ 'लोतो' म्हणवून घ्यावे लागले. खप वाढेना म्हणून जेओ लफेव्र नावाच्या तरुण बातमीदाराने देशभर फिरणाऱ्या शर्यतीची कल्पना सुचविली. जाहीरनामा निघाला, परंतु पाच आठवड्यांच्या त्या उपद्व्यापास पंधराच उमेदवार मिळाले, तेव्हा शर्यत आखूड व तहकूब करून जुलैवर ढकलण्यात आली, प्रवेशशुल्क वीस फ्रँकांवरून दहावर आले, भत्ता कबूल झाला, आणि मग 1 जुलै रोजी दुपारी तीन वाजून सोळा मिनिटांनी माँझरोन येथील एका खानावळीसमोरून साठ स्वार निघाले.

पूर्वार्ध थोडक्यात आटोपतो. मोरीस गारँ हा बत्तीस वर्षांचा, अंगाने लहानखोर, इटलीच्या आओस्ता खोऱ्यात जन्मलेला आणि लहानपणी धुराडी झाडून पोट भरलेला गडी लियाँला 17 तास 45 मिनिटांत पहिला आला. त्याचा खरा प्रतिस्पर्धी इपोलित ओकुत्युरिए पोटातील कळांमुळे पहिल्याच टप्प्यात गळाला. परंतु नियम असा होता की, एका टप्प्यात बाद झालेल्या स्वारास एकूण वेळेच्या हिशेबात जागा नसली तरी पुढील टप्प्याच्या बक्षिसासाठी उतरता येई. त्या सवलतीने ओकुत्युरिए मार्सेयला आणि तुलूझलाही पहिला आला. एकूण हिशेबात मात्र गारँ पुढेच राहिला, आणि तुलूझला पोहोचेपर्यंत त्याची आघाडी जवळजवळ दोन तासांची झालेली होती.

येथून उत्तरार्ध सुरू होतो, आणि येथूनच कायदा व चातुर्य यांची झटापटही सुरू होते. 12 जुलैचा तुलूझ ते बोर्दो हा टप्पा सर्वांत आखूड होता. त्यात ओकुत्युरिए एका मोटारीच्या आडोशाने वारा चुकवीत गेल्याचे आढळले व त्याला काढून टाकण्यात आले. टप्पा जिंकला तो शार्ल लेझेर नावाच्या स्विस स्वाराने, 8 तास 46 मिनिटांत; फ्रान्सबाहेरच्या माणसाने मिळविलेला हा पहिलाच टप्पा. गंमत अशी की लेझेर हाही आदल्या टप्प्यात बाद झालेला होता. अशा फुटकळ स्वारांना मुख्य स्वारांच्या मागून, एक तास उशिरा सोडण्याचा शिरस्ता असल्यामुळे बोर्दोच्या रेषेवर जे पहिले पोहोचले त्यांना प्रेक्षकांनी विजयी समजून टाळ्या दिल्या असतील, आणि खरा विजयी तर अजून रस्त्यावरच असेल! मैदानावरचा डोळा एक सांगतो आणि कारकुनाचे घड्याळ दुसरेच सांगते, ही या शर्यतीची तऱ्हा. शर्यत भरविणाऱ्याचे दप्तर सच्चे नसेल तर अशा विजयावर विश्वास कोणी व कशाच्या आधारे ठेवावा?

बोर्दो ते नांत हा पाचवा टप्पा लगेच दुसऱ्या रात्री, 13 जुलैला सुरू झाला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रदक्षिणेचे मर्म याच 425 किलोमीटरांत साठविलेले आहे. गारँच्या खालोखाल असलेल्या एमील जॉर्जेच्या टायरांनी दोनदा दगा दिला. त्या काळी पंक्चर झाले तर स्वाराने स्वतःच्या हातांनी काढावे, परक्या माणसाची मदत घेऊ नये, असा दंडक होता; ते काम करून थकलेला तो मनुष्य रस्त्याच्या कडेला क्षणभर विसावला, तेथेच झोपी गेला, आणि त्याची प्रदक्षिणा तेथेच संपली. दुसरा क्रमांक ल्युसिएँ पोतिए याच्याकडे गेला व गारँची आघाडी तीन तासांच्या जवळ जाऊन ठेपली. म्हणजे शर्यत संपल्यात जमा होती. तरीही याच टप्प्यात गारँने आपल्याबरोबरच्या स्वारांस हा टप्पा आपणास सोडून द्यावा असे सांगितल्याचे, फेर्नां ओजेरो याने ते साफ नाकारल्याचे, त्यावर पोतिएने ओजेरोच्या वाटेत सायकल टाकून त्याला पाडल्याचे आणि खुद्द गारँने खाली उतरून ओजेरोचे चाक पायांनी तुडविल्याचे सांगितले जाते. गारँ टप्पा जिंकला, वेळ 16 तास 26 मिनिटे. ओजेरो मात्र मोडला नाही. तो नांतला पोहोचला, आणि तेथील सायकल मैदानावरचा अखेरचा तुकडा सर्वांत वेगाने कापल्याबद्दलचे शंभर फ्रँकांचे बक्षीसही घेऊन गेला.

तीन तासांची आघाडी हाती असलेल्या माणसाला दुसऱ्याचे चाक तुडविण्याची गरज का भासावी? द्रव्यलोभ म्हणावे तर टप्प्याच्या बक्षिसाची रक्कम थोडी नव्हती, हे खरे. पण मला वाटते, मोठ्या पल्ल्याच्या कष्टात शरीर शिणते तसा विवेकही शिणतो, आणि ज्याची सत्ता निर्विवाद झाली त्यालाच नकार सर्वांत अधिक झोंबतो. पंचांकडून या प्रकाराची दखल घेण्याजोगी व्यवस्था त्या काळोख्या रस्त्यावर नव्हतीच. ठराविक गावी सहीचे नाके होते, अधूनमधून गुप्त तपासणीही होई; परंतु नाक्यावर सही मिळते, दोन नाक्यांमधल्या वर्तनाची साक्ष तेथे मिळत नाही. लफेव्र हा एकटा गृहस्थ बातमीदार, पंच आणि वेळाधिकारी अशा तिन्ही अंमलांचा धनी होता, आणि स्वारांना गाठण्यासाठी तो कधी आगगाडीने तर कधी सायकलीने पुढे धावत असे. मामलेदार, मुन्सफ आणि अखबारनवीस हे तिघे एकाच टांग्यातून दौऱ्यावर निघाले तर फिर्याद कोणापुढे गुदरावी, तशी ही परिस्थिती होती.

शेवटचा टप्पा, नांत ते पॅरिस, चार दिवसांच्या विसाव्यानंतर 18 जुलैच्या रात्री आठ वाजता सुटला. वेळ अशी योजिली होती की स्वारांनी दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, राजधानीत प्रवेश करावा, म्हणजे प्रेक्षकांची आणि पर्यायाने वर्तमानपत्राची सोय व्हावी. रात्रभर आणि अर्धा दिवस चालून, 18 तास 9 मिनिटांनी, गारँ पॅरिसबाहेरच्या व्हील दाव्रे येथे पहिला पोहोचला. ओजेरो त्याच्या मागे अवघा दहा सेकंदांवर होता. वेळेची नोंद तेथे झाल्यावर स्वार मिरवीत पार्क दे प्रँसच्या मैदानात गेले. तेथे तिकीट काढून वीस हजार माणसे बसली होती. निघालेल्या साठांपैकी एकवीसच परतले. गारँचा एकूण वेळ 94 तास 33 मिनिटे 14 सेकंद. पोतिए त्याच्या मागे 2 तास 59 मिनिटे आणि ओजेरो साडेचार तासांच्या सुमारास. सर्वांत शेवटचा आर्सेन मियोशो हा गारँच्या मागे जवळजवळ पासष्ट तास होता, आणि व्यक्तिशः मला विजेत्याहून या मनुष्याविषयी अधिक कुतूहल वाटते, कारण टाळ्या संपून गेल्यावरही जो चालत राहतो त्याला चालविणारे कारण काही निराळेच असले पाहिजे. गारँला बक्षिसांपोटी 6075 फ्रँक मिळाले. 'लोतो'चा खप पंचवीस हजारांवरून पासष्ट हजारांवर गेला, आणि शर्यत संपल्यावर काढलेल्या खास अंकाच्या एक लक्ष तीस हजार प्रती निघाल्या. ज्याच्यासाठी हा यज्ञ मांडला होता ते फल पदरी पडले.

उत्तरार्धात जी खोड दिसली होती ती वेळीच न मोडल्याचा परिणाम दुसऱ्याच वर्षी समोर आला. 1904 ची प्रदक्षिणा त्याच सहा टप्प्यांची होती. दुसऱ्या टप्प्यात सेंत-एत्येनजवळच्या घाटात स्थानिक स्वाराच्या पाठीराख्यांनी रात्री रस्ता अडवून इतरांना झोडपले, तिसऱ्यात नीम येथे दगडफेक झाली, रस्त्यांवर खिळे पसरण्यात आले, आणि स्वारांनी मोटारींना धरून किंवा आगगाडीत बसून मजल मारल्याच्या तक्रारी आल्या. पॅरिसला गारँच पुन्हा पहिला ठरला. चार महिने तपास चालला, आणि डिसेंबरच्या आरंभी फ्रान्सच्या सायकल महासंघाने पहिल्या चारही स्वारांचे, म्हणजे मोरीस गारँ, पोतिए, गारँचा भाऊ सेझार आणि ओकुत्युरिए यांचे, क्रमांक रद्दबातल केले. विजयी ठरला आंरी कोर्ने, वयाची वीस वर्षेही पुरी न झालेला पोर, ज्याने अखेरचे चाळीस किलोमीटर दोन्ही टायर पंक्चर झालेल्या सायकलीवर काढल्याचे नमूद आहे. महासंघाने आपल्या फैसल्याची कारणे तपशीलवार प्रसिद्ध केली नाहीत, आणि ते दप्तर पुढे 1940 साली जर्मन आक्रमणाच्या धामधुमीत दक्षिणेकडे हलविताना गहाळ झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला चोरांपेक्षा मुका न्यायाधीश अधिक छळतो, तो असा.

देग्रांजने यानंतर शर्यत बंद करण्याची भाषा केली आणि मग, शहाणपणाने, तिची घडीच बदलली. 1905 साली सहाचे अकरा टप्पे झाले, रात्रीचे चालणे बंद पडले, आणि एकूण वेळेऐवजी क्रमांकांच्या गुणांवर निर्णय ठरू लागला, जेणेकरून काळोखात दोन-चार तास चोरण्याचा लाभच उरू नये. वेळेचा हिशेब परत आला तो 1913 साली. गारँने लाँस या खाणींच्या गावी मोटारींचे गॅरेज चालविले आणि तो 1957 साली वारला. 1903 मधली त्याची तीन तासांना टेकलेली आघाडी त्या शर्यतीत आजवर कोणालाही ओलांडता आलेली नाही.

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि तिच्यातील 'घाटाचा राजा' हा मान जुना आहे. पण एका दिवसाची धाव निराळी आणि टप्प्याटप्प्यांची निराळी. 2026 च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली, तिच्या चार टप्प्यांचे मिळून 437 किलोमीटर होते, म्हणजे गारँच्या नांत-पॅरिस या एकट्या टप्प्याहूनही कमी. हे त्या शर्यतीला उणे म्हणून सांगत नाही. तेव्हाची लांबी हा शौर्याइतकाच अव्यवस्थेचाही पुरावा होता. लांब पल्ला निभावण्याचे शास्त्र आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही. शेगावहून आषाढीसाठी पंढरपूरला जाणारी पालखी महिनाभर पायी चालते; मुक्कामाचे गाव, पाणी, पंगत, झोपण्याची जागा, सारे आधी ठरलेले असते, आणि दिंडीतील शिस्त वाटेवरची गावे उभी राहून पाहतात. राजूरच्या घाटातून किंवा ज्ञानगंगा अभयारण्यातल्या बोथ्याच्या घाटातून सायकलींची अशी टप्प्यांची शर्यत नेण्याचे कोणाच्या मनात आलेच, तर त्यांनी पहिल्या दिवसाच्या व्यासपीठाआधी शेवटच्या दोन दिवसांचे नाके नक्की करावेत, पंच आणि प्रसिद्धी ही दोन कामे दोन निरनिराळ्या माणसांकडे सोपवावीत, आणि बाद ठरविलेल्या स्वाराला कारण लेखी द्यावे.