तारखेवाचून वय : नंदुरबारची बालके आणि दंडघेराच्या पट्टीचा इतिहास

१/ आठ किलो वजनाचा मुलगा सुदृढ की कुपोषित? केवळ वजनावरून याचे उत्तर देता येत नाही. तो आठ महिन्यांचा असेल, तर वजन वयाला साजेसे आहे. दोन वर्षांचा असेल, तर तो तीव्र कमी वजनाच्या गटात मोडतो. काटा तोच आणि आकडाही तोच, परंतु वय बदलताच निदान बदलते.

२/ श्वासाचेही तसेच. खोकला झालेल्या बालकाचे मिनिटाला किती श्वास धोक्याचे मानावेत? दोन महिन्यांखाली ६०, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक. म्हणून तपासणीत परिचारिका आधी वय विचारते. जेथे जन्मतारीख लिहिण्याची रीतच नव्हती, तेथे या प्रश्नाचे काय झाले?

३/ १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. सातपुड्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले. बाळंतपणे दीर्घकाळ घरीच होत आली.

४/ १९६९ च्या कायद्याने जन्मनोंदणी सक्तीची झाली. मात्र जन्म जेथे होतो तेथेच नोंद, हा तिचा नियम. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबात मूल फडावरच जन्मले, तर त्याची नोंद गावच्या दप्तरात येत नाही. शिमग्याला कुटुंब परतते, तेव्हा कडेवर मूल असते, कागद नसतो.

५/ असा पेच जगभर होता. डेरिक जेलिफ यांनी १९६६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या पोषण-मापनाच्या ग्रंथात स्थानिक घटनांच्या दिनदर्शिकेचा उपाय आहे. सण, पेरणी, पूर यांच्या आधारे आईला जन्माचा महिना आठवायला लावायचा. सातपुड्यात अशा खुणा म्हणजे भोंगऱ्या बाजार, होळी, मोहाची फुले, पहिला पाऊस.

६/ दुसरा आधार दातांचा. दोन वर्षांखालील बालकाच्या दुधाच्या दातांच्या संख्येत सहा मिळवले की वय ढोबळमानाने महिन्यांत मिळते. पण अंदाज चुकला तर? दीड वर्षाचा मुलगा एक वर्षाचा लिहिला गेला, तर त्याचे आठ किलो वजन साधारण ठरते. खरे वय धरले, तर तो कमी वजनाचा. एका चुकीने मूल यादीबाहेर जाते.

७/ वाढीचा तक्ता पूर्णपणे वयावर उभा आहे. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातील इमेसी-इले गावात तो आईच्या हाती दिला. भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. त्यांत मेळघाटातील धारणी होते. पुढे तक्ता अंगणवाडीत रुळला. २००६ चे जागतिक मानक २००८ पासून भारतात आले आणि मुलामुलींचे तक्ते वेगळे झाले.

८/ वयाला वळसा घालणारे साधन युद्धातून आले. १९६० च्या दशकाअखेर नायजेरियातील यादवीत क्वेकर मदतपथकाने दंडाचा घेर उंचीशी ताडणारी काठी वापरली. १९७४ मध्ये बगदादचे अदनान शाकिर आणि मॉर्ले यांनी तिरंगी पट्टी मांडली : १२.५ सेंटिमीटरखाली लाल, १३.५ पर्यंत पिवळा, त्यावर हिरवा.

९/ यामागचे शरीरशास्त्र सोपे आहे. एक ते पाच वर्षांत बाळसे उतरते आणि स्नायू भरतात. त्यामुळे दंडाचा घेर फारसा बदलत नाही. आज ६ ते ५९ महिन्यांच्या बालकात ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी दंडघेर म्हणजे अतितीव्र कुपोषण. हा निकष २००९ मध्ये ठरला. त्याआधी तो ११ होता.

१०/ तरीही पट्टी सर्व प्रश्न सोडवत नाही. उंचीच्या मानाने कमी वजन असलेली काही बालके तिच्यातून निसटतात. सहा महिन्यांखालील बाळांना ही मर्यादा लागू नाही. आणि खुंटलेली वाढ, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, तर वयाशिवाय मोजताच येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी आयुष्याची हीच सर्वांत ठळक खूण.

११/ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीत नंदुरबारमधील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली. हा आकडाही ‘वयानुसार वजन’ याच मापाचा. त्यामुळे पाड्यावरची जन्मनोंद ही केवळ दाखल्यापुरती बाब राहत नाही. अंगणवाडी सेविका ‘हे होळीच्या आधीचे की नंतरचे?’ असे विचारते, तेव्हा तपासणी सुरू झालेली असते.