सेलोटेपची कुळकथा
अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात १९२३ साली रिचर्ड ड्रू नावाचा तरुण पॉलिश पेपरचे नमुने घेऊन मोटारी रंगवण्याच्या कारखान्यात गेला. दोन रंगांच्या मोटारींची तेव्हा हौस होती. एका रंगावर कागद चिकटवून रंगारी दुसरा मारत, आणि कागद ओढताना खालचा रंगही निघून येई. त्यांचा वैताग पाहून ड्रूने शब्द दिला, यावर उपाय काढतो!

ड्रूने इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं होतं आणि नाचगाण्याच्या बँडमध्ये बँजो वाजवून पोट भरलं होतं. आता तो थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. वरिष्ठांनी हा नाद सोडायला सांगितलं, पण त्याने सोडला नाही. १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार झाली.

सुरुवातीच्या पट्टीला गोंद फक्त कडांना होता. ती गळून पडू लागली तेव्हा एक रंगारी चिडला आणि ‘तुमच्या स्कॉच साहेबांना सांगा, गोंद पुरता लावा,’ असं म्हणाला, अशी हकिकत सांगतात. स्कॉच म्हणजे स्कॉटलंडचा. अमेरिकेतल्या बोलीत कंजुषाला असं हिणवत. कंपनीने तेच नाव मिरवलं.

पारदर्शक पट्टी आली १९३० मध्ये. सेलोफेन या पारदर्शक कागदावर गोंद नीट बसत नसे आणि उष्णतेने तो कागद आक्रसे, म्हणून ड्रूला पुष्कळ खटपट करावी लागली. पट्टी काढली होती बेकरीवाले, वाणी आणि खाटीक यांच्या सेलोफेनच्या पुड्या बंद करण्यासाठी. लवकरच त्या पुड्या उष्णतेने चिकटवता येऊ लागल्या आणि तिथे पट्टीची गरज उरली नाही. पण तोवर महामंदी आली होती. नवं घेण्याची ऐपत न उरलेल्या घरांनी फाटकी पुस्तकं, मोडकी खेळणी याच पट्टीने सांधली. पट्टीचं टोक सापडेना ही तक्रार थ्रीएमच्याच जॉन बॉर्डन यांनी १९३२ मध्ये मिटवली, कापायचं पातं बसवलेला डबा बनवून.

इंग्लंडमध्ये १९३७ साली अशीच पट्टी निघाली, पण ‘सेलोफेन’ हा दुसऱ्याचा नोंदवलेला ट्रेडमार्क होता. म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर बदललं आणि ‘सेलोटेप’ जन्मली. जर्मनीतल्या ‘टेसा’ पट्टीला नाव मिळालं बायर्सडॉर्फ कंपनीतल्या एल्सा टेस्मर या कर्मचारी बाईंचं: आडनावाची सुरुवात आणि नावाचा शेवट जोडून.

मराठी घरांत वेष्टनावर कोणतंही नाव असो, पट्टी ‘सेलोटेप’च. वह्यांना कव्हर घालण्यापलीकडे तिचा खरा कस लागला तो कॅसेटच्या दुरुस्तीत. तुटलेल्या फितीची रुंदी जेमतेम ३.८१ मिलिमीटर. कॅसेटचे स्क्रू काढायचे, फितीची दोन्ही टोकं तिरकी कापून एकमेकांना भिडवायची आणि ध्वनिमुद्रण नसलेल्या बाजूला पट्टीचा बारीक तुकडा चिकटवायचा. तो फितीबाहेर आला तर कडा ब्लेडने छाटायच्या. टेपरेकॉर्डरच्या हेडला तो अडकू नये यासाठी ही मेहनत.

या कामासाठी गोंद न पसरणारी खास पट्टी मिळे, पण घरात ती क्वचितच असे. साध्या सेलोटेपचा गोंद काही वर्षांनी पाझरतो आणि शेजारच्या वेटोळ्याला चिकटतो. त्यामुळे जाणकार मंडळी फीत जोडल्यावर ती एकदा पूर्ण वाजवत आणि गाणी लगेच दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेत.