ओव्हन कोणाचा?

इंग्लंडमधल्या घरात नाताळचं जेवण करणं हा मुळात शेड्यूलिंगचा प्रॉब्लेम आहे. स्वयंपाक म्हणाल तर त्यात फार कठीण काही नाही. भाजलेला पक्षी, भाजलेले बटाटे, उकडलेल्या भाज्या, ग्रेव्ही आणि पुडिंग. आपल्या पुरणपोळीला जेवढा हात बसलेला लागतो त्याच्या निम्माही इथे लागत नाही. पण वेळ जुळवताना भल्याभल्यांची दांडी उडते!

साधारण हिशोब बघा. जेवायला बसायचं दुपारी २ ला. पाच-सहा किलोची टर्की, तिला ओव्हनमध्ये अंदाजे चार तास. बाहेर काढली की लगेच कापायची नाही, पाऊण तास झाकून ठेवायची, म्हणजे रस आत मुरतो. म्हणजे टर्की सव्वा वाजता बाहेर, सव्वानऊला आत आणि नऊला ओव्हन चालू. बटाट्यांना टर्कीपेक्षा जास्त तापमान लागतं, पण ओव्हन एकच आणि त्यात बाईसाहेब ऐसपैस पसरलेल्या. मग बटाटे आधी गॅसवर अर्धवट उकडून तयार ठेवायचे आणि टर्की विश्रांती घेत असते त्या पाऊण तासात भाजून काढायचे. ग्रेव्ही टर्कीच्या ट्रेमधल्या रसाची, म्हणजे टर्की बाहेर आल्याशिवाय ती सुरूच होत नाही. स्प्राउट्स शेवटच्या दहा मिनिटांत, नाहीतर त्यांचा लगदा. ज्याने कधी प्रोजेक्ट प्लॅन काढलाय त्याच्या लक्षात आलंच असेल... सगळा क्रिटिकल पाथ एका रिसोर्समधून जातो. ओव्हन!

हे सगळं 'परंपरागत' आहे, आजीच्या आजीपासून चालत आलंय, असं सरसकट मानलं जातं. इथेच खरी गंमत आहे. नाताळ जुना, मेजवानीही जुनी. पण बहुसंख्य इंग्रज घरांत हे जेवण स्वतःच्या ओव्हनमध्ये होऊ लागलं त्याला जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झालीत. त्याआधी ओव्हन होता बेकरीवाल्याचा.

डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' १९ डिसेंबर १८४३ ला प्रसिद्ध झालं. त्यातला बॉब क्रॅचिट हा आठवड्याला पंधरा शिलिंग कमावणारा कारकून, घरात सहा मुलं. त्यांच्या घरी नाताळला गूज असतो. (मराठीत गूज म्हणजे मनातली गोष्ट, पण इलाज नाही. हंस म्हणावं तर सरस्वती रागवायची आणि बदक म्हणावं तर तो पक्षी वेगळा.) हा गूज भाजला जातो गल्लीतल्या बेकरीत, आणि मुलं जाऊन तो घेऊन येतात. यात डिकन्सची कल्पनाशक्ती काही नाही, त्या काळात ही नेहमीची गोष्ट होती. गरिबाच्या खोलीत कोळशाची उघडी शेगडी, तिच्यावर पातेलं चढेल पण अख्खा पक्षी कुठून भाजणार? बेकरीवाल्याची भट्टी मात्र मोठी, आणि रविवारी त्याला पाव भाजायला कायद्याने मनाई. मग ठरावीक पैसे घेऊन तो लोकांचं मांस, पुडिंग भाजून द्यायचा. १८३० च्या दशकात सर अँड्र्यू ॲग्न्यू नावाच्या खासदाराने रविवार कडकडीत पाळायचा म्हणून हेही बंद करायची विधेयकं पुन्हापुन्हा आणली. ती मंजूर झाली नाहीत, पण डिकन्स भडकला तो भडकलाच. १८३६ मध्ये त्याने याविरुद्ध एक पुस्तिका लिहिली, आणि 'कॅरोल'मध्येही स्क्रूज भुताला यावरून जाब विचारतो. श्रीमंताच्या घरी रविवारी चूल पेटणारच होती. गरम जेवण बंद होणार होतं ते फक्त ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांचं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ घरी मळून, ट्रे भरून गल्लीतल्या बेकरीत भाजायला न्यायचे, हे आपल्याकडे अनेकांच्या लहानपणी झालेलं आहे. किलोमागे भाजणावळ द्यायची, आपला ट्रे शेजाऱ्याच्या ट्रेशी बदलला जाऊ नये म्हणून एका पोराला तिथे पहाऱ्याला बसवायचं. क्रॅचिटांची पोरं तेच करतायत, फक्त ट्रेमध्ये नानकटाईऐवजी पक्षी.

बरं, पंधरा शिलिंगवाल्याला गूज परवडायचा कसा? त्याचंही उत्तर आपल्या ओळखीचं आहे. भिशी! पबमध्ये 'गूज क्लब' चालायचे. दर आठवड्याला काही पेन्स भरायचे आणि नाताळला पक्षी घरी न्यायचा, बऱ्याचदा सोबत जिनची बाटली. शेरलॉक होम्सची निळ्या रत्नाची गोष्ट (१८९२) वाचली असेल तर आठवेल, ज्या गूजच्या पोटात रत्न सापडतं तो पक्षी ब्रिटिश म्युझियमजवळच्या एका पबच्या क्लबातलाच असतो.

आता पुडिंग. याला ओव्हन लागतच नाही, आणि म्हणूनच ते गरिबाघरीही टिकलं. फडक्यात बांधायचं आणि तासन् तास उकळायचं. कशात? तर कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात. क्रॅचिटांच्या घरी पुडिंग बाहेर काढतात तेव्हा धुण्याच्या दिवसासारखा वास सुटतो तो यामुळे. शिवाय हे प्रकरण आधीच करून ठेवता येतं. ॲडव्हेंटच्या आधीच्या शेवटच्या रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेची सुरुवात 'ढवळून काढ' अशा अर्थाच्या शब्दांनी होते (ढवळायची असते भक्तांची इच्छाशक्ती), आणि लोकांनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावून तोच पुडिंग ढवळायचा दिवस ठरवला. म्हणजे नाताळच्या साधारण महिनाभर आधी एक टास्क कम्प्लीट. २५ तारखेला नुसतं पुन्हा वाफवायचं. 'प्लम' पुडिंगमध्ये प्लम नसतातच, जुन्या इंग्रजीत मनुकांनाही प्लम म्हणत.

याच पुडिंगचं १९२७ साली चक्क सरकारी जाहिरातीत रूपांतर झालं. एम्पायर मार्केटिंग बोर्ड म्हणून एक खातं होतं, काम काय तर साम्राज्यातला माल ब्रिटिश लोकांच्या गळी उतरवणं. त्यांनी राजाच्या आचाऱ्याकडून, सेडार्ड त्याचं नाव, पुडिंगची कृती मिळवली आणि प्रत्येक जिन्नसापुढे देशाचं नाव लिहून छापली. बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, बिया काढलेल्या मनुका दक्षिण आफ्रिकेच्या, सफरचंद कॅनडाचं, साखर वेस्ट इंडीजची, २० अंडी आयरिश फ्री स्टेटची, दालचिनी सिलोनची, लवंग झांजिबारची, रम जमैकाची. मनुका, बेदाणे पाच-पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. आणि हिंदुस्थान? यादीत आपल्या वाट्याला आला आहे मसाला, एक चमचा. तीसेक कोटींच्या देशाचं एक टीस्पून! साम्राज्याचा मुकुटमणी वगैरे ऐकून वाढलेल्या माणसाला ही यादी जरूर वाचायला द्यावी.

टर्कीकडे वळतो. हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा, युरोपात आला सोळाव्या शतकात. कुठून आला याबद्दल सगळ्यांचाच गोंधळ. इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानातून, फ्रेंचांना आणि खुद्द तुर्कांना वाटलं हिंदुस्थानातून, म्हणून तुर्की भाषेत त्याचं नाव 'हिंदी'. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, आणि आपण पेरू म्हणतो भलत्याच गोष्टीला. हिंदुस्थानातही तो लवकरच पोचला होता, गोव्यामार्गे. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही नवलाच्या वस्तू आणि प्राणी आणले, त्यात टर्की होती. तिच्या मानेचे सरड्यासारखे बदलणारे रंग बघून बादशहा इतका खूष झाला की त्याने चित्र काढून घेतलं. उस्ताद मन्सूरने काढलेलं टर्कीचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. नाताळच्या ताटात जाण्याआधी एवढा मान मिळालेली टर्की विरळाच.

इंग्लंडात टर्की पाळल्या जायच्या मुख्यतः नॉरफोक आणि सफोकमध्ये, आणि लंडनला जायच्या पायी! रेल्वे अजून यायची होती. डॅनियल डीफोने १७२० च्या दशकात हिशोब मांडलाय की एका हंगामात स्टूर नदीवरच्या एकाच पुलावरून ३०० कळप जातात, कळपात सरासरी ५००, म्हणजे दीड लाख पक्षी. ऑगस्टमध्ये निघायचे, रमतगमत शेतातलं पडलेलं धान्य खात चालायचे. पण पक्षी महाग. १८६१ मध्ये मिसेस बीटनचं घरकामावरचं जाडजूड पुस्तक आलं, त्यात टर्कीशिवाय मध्यमवर्गाचा नाताळ होत नाही असा सूर आहे. मध्यमवर्गाचा, हे महत्त्वाचं. कामगाराच्या घरी गूज नाहीतर बीफ, आणि तेही जमलं तर.

मिसेस बीटनच्या मध्यमवर्गाकडे ओव्हनवाली बंदिस्त कोळशाची चूल होती. पण चुलीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती पेटवायला मोलकरीण होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये घरकाम हा बायकांचा सर्वात मोठा रोजगार होता, दहा लाखांहून जास्त बायका त्यात होत्या. म्हणजे त्या पुस्तकातलं 'गृहिणीने असं करावं' हे बऱ्याच वेळा 'गृहिणीने असं करवून घ्यावं' असं वाचायला लागतं. आणि त्या दहा लाख जणींचा स्वतःचा नाताळ? तो दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात.

चित्र बदललं ते गॅसमुळे. १८८० नंतर गॅस कंपन्या शेगड्या भाड्याने देऊ लागल्या, मग नाणं टाकायचे मीटर आले आणि कामगारांच्या घरातही ओव्हन शिरला. १९२३ मध्ये 'रेग्युलो' आला, म्हणजे ओव्हनचा थर्मोस्टॅट. माझ्या मते या सगळ्या कथेत हा सर्वात दुर्लक्षित पण सर्वात मोठा शोध आहे. त्याआधी ओव्हन किती तापलाय हे बघायला आत हात घालून बघत, किंवा चिमूटभर पीठ टाकून ते किती वेळात तांबूस होतं ते बघत. आता आकडा लावा आणि विसरा. तापमान हातात आलं तेव्हाच 'सव्वानऊला आत, सव्वाला बाहेर' हे वाक्य लिहिणं शक्य झालं. थर्मोस्टॅट नाही तर वेळापत्रक नाही.

डेडलाइन आली १९३२ मध्ये, रेडिओवरून. त्या नाताळला पाचव्या जॉर्जने पहिल्यांदा भाषण केलं. भाषण लिहिलं होतं आपल्या मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगने. वेळ दुपारी ३ ची, कारण त्या वेळी शॉर्टवेव्हवरून साम्राज्याच्या जास्तीत जास्त भागात आवाज पोचत होता. म्हणजे भारतीय प्रमाणवेळेनुसार तेव्हा रात्रीचे साडेआठ. ही प्रथा पुढे पक्की झाली, आणि असंख्य इंग्रज घरांत तीनच्या आत जेवण उरकायचं हा नियमच होऊन बसला. कोणाच्या तरी स्वयंपाकघरातले बटाटे साम्राज्याच्या टाइमझोनवर चालत होते, हे मला भारी वाटतं.

मग युद्ध. ८ जानेवारी १९४० ला रेशनिंग सुरू झालं आणि पूर्ण संपलं थेट ४ जुलै १९५४ ला, युद्ध संपल्यावर नऊ वर्षांनी. त्या काळात 'मॉक गूज' नावाचा प्रकार करत, बटाटे, सफरचंद, थोडं चीज वगैरेंचे थर लावून. पक्ष्याचं नावसुद्धा नाही. आपल्याकडे उपासाची बिर्याणी करतात त्याच जातीचा आशावाद.

रेशनिंग संपलं, फ्रीज आले, टर्की स्वस्त झाली आणि कामगाराच्या ताटातही आली. हे चांगलंच झालं, यात वाद नाही. पण मधल्या काळात मोलकरणी गेल्या होत्या. बेकरीवाला गेला होता, पबातली भिशी गेली होती. ओव्हन घरात आला तसं सगळं कामही घरात आलं, आणि ते एकाच बाईच्या अंगावर पडलं. डिलिया स्मिथ ही ब्रिटनची अतिशय लोकप्रिय पाककृती-लेखिका. तिच्या १९९० च्या नाताळच्या पुस्तकात 'शेवटचे ३६ तास' असं एक प्रकरण आहे. घड्याळ लावून, कधी काय करायचं ते. सुंदर प्लॅन आहे, आमच्या क्षेत्रातल्या अनेकांनी शिकावं असा. असंख्य इंग्रज बायकांचा जीव या तक्त्याने वाचवला असणार. फक्त एक गोष्ट खटकते. इतका तपशीलवार प्लॅन, पण रिसोर्सचा कॉलम नाही. गृहीतच आहे, सगळे ३६ तास एकाच व्यक्तीचे.

१८४३ च्या त्या पंधरा शिलिंगवाल्या घरात काय चाललंय ते यापुढे ठेवून बघा. गूज बेकरीत. आई ग्रेव्ही गरम करतेय. पीटर बटाटे कुस्करतोय. बेलिंडा सफरचंदाचा सॉस गोड करतेय. मार्था ताटल्या पुसतेय. धाकटी दोघं खुर्च्या मांडतायत. आणि बॉब? बॉबसाहेब आस्तीन सावरून एका भांड्यात जिन आणि लिंबाचं गरम पेय ढवळतायत. :)