फाईलचा मालक बदलला की सेटयूआयडी का उडतो?

लिनक्सवर फाईलचा मालक बदलायला 'चोन' आणि परवानग्या बदलायला 'चमॉड' हे आदेश आहेत. वाचणे, लिहिणे, चालवणे या नेहमीच्या परवानग्यांखेरीज तीन खास बिट असतात : सेटयूआयडी (4000), सेटजीआयडी (2000) आणि स्टिकी (1000). पासवर्ड बदलण्याचा 'पासडब्ल्यूडी' हा प्रोग्रॅम साधा वापरकर्ता चालवतो, तरी तो रूटच्या अधिकाराने चालतो, ते सेटयूआयडीमुळेच.

चोन केला की चालवता येणाऱ्या फाईलवरचे पहिले दोन बिट लिनक्स स्वतःहून काढून टाकतं. कॉमर्सवाल्याला हे लगेच पटेल. खातं दुसऱ्याच्या नावावर झालं की आधीच्या खातेदाराने दिलेलं मुखत्यारपत्र कसं चालेल? फाईल रूटच्या नावावर गेली आणि बिट तसाच राहिला, तर ती चालवणाऱ्या कुणाच्याही हाती रूटचा अधिकार येईल. खुद्द रूटने चोन केला तरी सूट नाही, कर्नल 2.2.13 पासून त्यालाही हाच नियम. स्टिकी बिटला धक्का लागत नाही, फोल्डरवरचा सेटजीआयडीही टिकतो. फाईलला दिलेल्या 'केपॅबिलिटीज' मात्र जातात, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कार्यालयात 'यूएसआर' फोल्डरवर उपफोल्डरांसकट चोन चालवला गेला. 'सुडो' बंद! मालक परत रूट करायला सुडो हवा, आणि सुडो चालायला त्याचा मालक रूट हवा. शेवटी रिकव्हरी मोडमधून शिरून मालक रूट केला, तरी त्याची कुरकुर थांबेना, कारण बिट गेला होता. चमॉड 4755 दिल्यावर गाडी रुळावर आली. तोवर अख्खी दुपार गेली.

तेव्हा क्रम असा : आधी चोन, मग चमॉड. उलटं केलंत तर चमॉड वाया. मालक बदलण्याआधी 'स्टॅट'ने परवानगीचा आकडा टिपून ठेवा. फाईली पुष्कळ असतील तर 'फाइंड'ला 'पर्म'च्या पर्यायात /6000 द्या, दोन्ही बिटवाल्यांची यादी मिळते. केपॅबिलिटीज 'गेटकॅप'ने बघून ठेवायच्या, नंतर 'सेटकॅप'ने परत द्यायच्या. नोंद नसेल तर डेबियन, उबुंटूवर पॅकेज पुन्हा बसवा. आरपीएमवाल्या सिस्टीमवर मूळ मालक आणि परवानग्या आरपीएमच परत लावून देतं, पण तिथेही आधी 'सेटयूजीआयडीज', मगच 'सेटपर्म्स'.