कारण कोणी द्यायचे?

फाशीची शिक्षा असावी की नसावी, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत. आम्ही येथे एका लहानशा, वरवर कारकुनी वाटणाऱ्या प्रश्नाकडे वळत आहोत. खुनाचा आरोप सिद्ध झाल्यावर न्यायाधीशाने कारण कशाचे लिहायचे, फाशीचे की जन्मठेपेचे?

१८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे उत्तर स्पष्ट होते. ज्या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा सांगितली आहे, तेथे दुसरी शिक्षा दिल्यास फाशी का दिली नाही, हे न्यायाधीशाने निकालात नोंदवावे. म्हणजे दयेलाच स्वतःची कैफियत द्यावी लागे. १९५५च्या दुरुस्तीने हे बंधन काढून टाकले. १९७३च्या संहितेने तर पारडेच उलटे केले. आता फाशी द्यायची असेल तर 'विशेष कारणे' लिहायची, आणि शिक्षा ठरवण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकायचे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही, ही तरतूद मात्र पूर्वापार चालत आली आहे.

१९८०मध्ये बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी वैध ठरवली, पण ती 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणांपुरतीच असावी आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार व्हावा, असे बजावले. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या भगवतींनी विरोधी मत दिले. कोणाला फाशी होईल, हे खटला कोणत्या पीठापुढे येतो यावर अवलंबून राहते, हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप होता.

हा आक्षेप किती खरा, हे हरबन्स सिंग प्रकरणात दिसले. उत्तर प्रदेशातील एकाच हत्याकांडात तिघांना सारखीच शिक्षा झाली होती. तिघांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या पीठांपुढे गेली. एकाची फाशी जन्मठेपेत बदलली. दुसऱ्याला ६ ऑक्टोबर १९८१ रोजी फाशी दिली गेली. तिसऱ्याची फाशी ऐनवेळी थांबली. १९८२च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तिसऱ्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली. सहआरोपीची फाशी रद्द झाली आहे काय, याची खातरजमा तुरुंग अधीक्षकाने फाशीपूर्वी करावी, असेही सांगितले. दुसऱ्यासाठी मात्र हे सारे उशिराचे होते.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण याहून अस्वस्थ करणारे आहे. नाशिकजवळ २००३ साली घडलेल्या हत्याकांडात सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून इतर तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून सहाही जणांना फाशी दिली. त्यासाठी ज्या पूर्वनिर्णयाचा आधार घेतला, तो गुन्हेगाराकडे न पाहता केवळ गुन्हा पाहणारा होता. अवघ्या दोन आठवड्यांत त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने तो बचन सिंग निकालाशी विसंगत ठरवला. २०१२मध्ये चौदा माजी न्यायाधीशांनी अशा चुकीच्या आधारावरील फाशी रद्द करण्याची विनंती राष्ट्रपतींना केली.

२०१४पर्यंत पुनर्विलोकन अर्ज बहुधा न्यायमूर्तींच्या दालनातच निकाली निघत. त्या वर्षी, फाशीच्या प्रकरणांत ते तीन न्यायमूर्तींपुढे, खुल्या न्यायालयात ऐकले जावेत, असे ठरले. नाशिकचे प्रकरण पुन्हा उघडले गेले, आणि मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

येथे आम्ही थबकतो. सोळा वर्षांत तीन न्यायालयांनी फाशी द्यावी की जन्मठेप याची कारणे लिहिली. प्रश्न मात्र शिक्षेचा नव्हताच, दोषाचा होता. 'विशेष कारणे' मागणाऱ्या कायद्याने न्यायाधीशाचा हात आखडता घ्यायला लावला, हे त्याचे मोठे श्रेय आहे. पण कारणे कितीही नेटकी लिहिली, तरी ती पुन्हा तपासायला कोणीतरी हवे, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत आरोपी जिवंत हवा. नाशिकचे सहा जण त्यासाठी जिवंत राहिले. १९८१च्या त्या माणसाला तेवढाही अवधी मिळाला नाही.