‘मिस्ड कॉल’ : दूरध्वनीवरील काटकसरीचा एक भाषिक इतिहास

इंग्रजीत ‘मिस्ड कॉल’ म्हणजे घ्यावयाचा राहून गेलेला फोन. त्यात कर्ता नाही, हेतू नाही. आहे ती केवळ चुकामूक. मराठीने हे पद उचलले आणि त्यास ‘देणे’ हे क्रियापद जोडले. ‘पोहोचलास की मिस्ड कॉल दे’ ह्या वाक्यातील फोन उचलला जाऊ नये अशीच देणाराची इच्छा असते, आणि घेणारासही ते पुरते ठाऊक असते. चुकलेली घटना ही अशा रीतीने हेतुपूर्वक केलेली कृती झाली. पुढे बोलीत ‘मिसकॉल मार’, ‘मिसकॉल टाक’ अशी रूपे रूढ झाली, त्यांतही कर्ता ठामपणे उभाच आहे. हा अर्थबदल कोशकाराने एका ओळीत नोंदवून सोडून द्यावा इतका किरकोळ नाही. त्याच्यामागे दूरध्वनीच्या दरांचा जवळजवळ तीन दशकांचा इतिहास आहे.

दळणवळणाच्या साधनाचे मूल्य ज्या मापाने मोजले जाते, त्या मापाच्या कडेकडेने वापरणाराची काटकसर चालते. १८५५ साली हिंदुस्थानात तार सर्वसामान्यांस खुली झाली तेव्हा दर चारशे मैलांस सोळा शब्दांचा एक रुपया असा आकार होता. माप शब्दाचे होते, म्हणून लोकांनी शब्द गाळले. ‘तारेची भाषा’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. पुढे दूरवरच्या टेलिफोनचे माप वेळेचे झाले, आणि एस. टी. डी.च्या पिवळ्या पाट्यांच्या दुकानांपुढे रात्री उशिरा, दर उतरल्यावर, रांगा लागू लागल्या. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजाऱ्याच्या क्रमांकापुढे ‘पी. पी.’ अशी अक्षरे लिहीत. ह्या सर्व युक्त्या निरनिराळ्या असल्या, तरी त्यांत एक गोष्ट समान होती. निरोप पोहोचला तर पैसे पडत. पैसे न पडता निरोप पोहोचविण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती आली ती मोबाइलबरोबर.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीस मोबाइलवरून संभाषण केले. भारतातील हा पहिला मोबाइल-कॉल मानला जातो. त्या काळच्या परवान्यांच्या अटींनुसार महानगरांत मासिक भाडे १५६ रुपये होते आणि बोलण्याचा दर मिनिटास ८ रुपये ४० पैसे होता. गर्दीच्या वेळी तो दुप्पट होई. शिवाय, आज विचित्र वाटेल असा एक नियम होता : फोन घेणारासही मिनिटाचे पैसे पडत. त्यामुळे त्या वर्षांत मोबाइल खिशात असलेला मनुष्य पडद्यावरील क्रमांक पाही, फोन तोडी आणि जवळच्या सार्वजनिक टेलिफोनवरून उलट फोन करी. श्रीमंतीची खूण म्हणून मिरविलेले हे यंत्र प्रत्यक्षात पुष्कळदा पेजरचेच काम करीत होते. न उचललेल्या फोनातून निरोप वाचण्याची सवय प्रथम ह्या सुस्थित वर्गास लागली, गरिबांस नव्हे. ही गोष्ट सहसा विसरली जाते.

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील ठोक परवाना-शुल्काचे ओझे उतरवून उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली, आणि दर घसरू लागले. पण खरा पालट २००३ चा. त्या वर्षी १ मेपासून अमलात आलेल्या नियमांनी ‘जो फोन करील तो पैसे देईल’ हे तत्त्व स्थिर केले. येणारा फोन फुकट झाला. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने मिनिटास ४० पैशांची भाषा बोलावयास सुरुवात केली होतीच. आता मोबाइल घरगडी, रिक्षाचालक, शेतमजूर यांच्या हाती आला. आणि त्याबरोबर एक जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला : दोघांपैकी खर्च कोणी करावयाचा?

मिस्ड कॉल हे ह्या प्रश्नाचे लोकांनी शोधलेले उत्तर होय. वसतिगृहातील मुलगा एकदा घंटी वाजवून तोडी, आणि मग वडील फोन करीत. एका घंटीचा अर्थ ‘सुखरूप पोहोचलो’, दोन घंट्यांचा ‘खाली ये’, असे संकेत घराघरांत ठरत. त्यांचा अर्थ त्या घराबाहेर कोणासही लागत नसे. चिन्हव्यवस्थेचे इतके छोटे आणि इतके नेमके उदाहरण अध्यापकास वर्गात सांगण्यासाठी क्वचितच मिळते : चिन्ह एकच, आणि त्याचा अर्थ सर्वस्वी पूर्वसंकेतावर अवलंबून. ही रीत केवळ भारताची नव्हती. जोनाथन डोनर यांनी रवांडातील वापराच्या आधारे २००७ मध्ये लिहिलेल्या अभ्यासात तिचे नियम नोंदविले आहेत. त्यांतील प्रमुख नियम असा की, ज्याची ऐपत अधिक त्याने उलट फोन करावा. नायजेरियात ह्या कृतीस ‘फ्लॅशिंग’ म्हणत, इटलीत ‘स्क्विल्लो’. फिलिपाइन्समध्ये तर ‘मिस्कोल’ हा शब्द २००७ सालचा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडला गेला. मराठीत मात्र ह्या शब्दाची दखल विनोदी लेखनापलीकडे फारशी कोणी घेतली नाही.

डोनर यांचा नियम मराठी समाजासही लागू पडतो, पण त्याला एक पदर अधिक आहे. येथे उलट फोन करणे हे ऐपतीबरोबर नात्यातील वडीलकीचेही लक्षण ठरले. मामाने भाच्यास मिस्ड कॉल देणे कमीपणाचे. भाच्याने मामास देणे स्वाभाविक. मुकादमास मजुराने द्यावा, मजुरास मुकादमाने नव्हे. काटकसरीचे साधन अशा रीतीने मानपानाच्या चौकटीत जाऊन बसले.

काटकसरीचा दुसरा मार्ग लघुसंदेशाचा, आणि येथे मराठीची हानी झाली. लघुसंदेशाची मर्यादा १४० बाइट्स इतकी असते. रोमन अक्षरास सात बिटे पुरतात, म्हणून एका संदेशात १६० रोमन अक्षरे मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास सोळा बिटे लागतात, म्हणून मर्यादा ७० वर येते. आणि संदेश लांबून त्याचे तुकडे पडले की प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. त्यातही यंत्र अक्षरे मोजीत नाही. व्यंजन, हलन्त-चिन्ह आणि मात्रा ही निरनिराळी मोजते. ‘ज्ञानेश्वर’ ह्या शब्दात वाचकास चार अक्षरे दिसतात, यंत्रास दहा चिन्हे. रोमनमध्ये हेच नाव प्रचलित रीतीने लिहिल्यास अकरा अक्षरे होतात. पण ती १६० पैकी अकरा, आणि देवनागरीतील दहा ही ७० पैकी. संदेशागणिक पैसे मोजणाऱ्या माणसास हे गणित सांगावे लागले नाही. देवनागरीत लिहिलेला मजकूर दोन संदेशांचा होतो आणि दोनदा पैसे कापले जातात, हे त्याला अनुभवाने कळले. शिवाय स्वस्त हँडसेटांपैकी अनेकांवर देवनागरी उमटतही नसे. तिच्या जागी चौकोन दिसत.

परिणामी २००० नंतरच्या दशकात मोबाइल हाती घेतलेली पिढी आपली मराठी रोमनमध्ये लिहावयास शिकली. ह्या पिढीस लिपीविषयी अनास्था आहे, असा ठपका व्याख्यानांतून आणि अग्रलेखांतून वारंवार ठेवला गेला. तो अन्यायाचा आहे. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद रोमन लेखनात पुसला गेला हे खरे. परंतु ज्या दरपत्रकात आपल्या लिपीचे मूल्य दुसरीच्या दुपटीहून अधिक पडते, त्यापुढे अभिमानाने किती काळ टिकाव धरावा? सणाच्या दिवशी तर सवलतीची पाकिटे चालतच नसत. त्या ‘ब्लॅकआउट’ दिवसांत दिवाळी हटकून असे, म्हणून शुभेच्छा आदल्या रात्रीच पाठविल्या जात.

कंपन्यांनी ही काटकसर पाहिली आणि तिच्या मापाचा माल बाजारात आणला. दहा रुपयांचे रिचार्ज हे शाम्पूच्या पुडीचेच भावंड. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ योजना आल्या. ज्याला फोन केवळ घ्यावयाचा होता त्याचा खर्च जवळजवळ संपला. १ मार्च २००६ पासून भारत संचार निगमने देशभर मिनिटास एक रुपया हा दर आणला. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदास एक पैसा अशी आकारणी सुरू केली आणि माप मिनिटावरून सेकंदावर आले. २०११ च्या जानेवारीपासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली. पुढे मिस्ड कॉल हाच धंदा झाला. बँका त्यावरून शिल्लक कळवू लागल्या. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०१३ मध्ये बिहार आणि झारखंडात मिस्ड कॉल दिल्यावर गाणी आणि जाहिराती ऐकविणारी वाहिनी चालविली. राजकीय पक्षांनी सभासद नोंदले.

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि बोलणे फुकट झाले. वास्तविक येथे मिस्ड कॉलचा इतिहास संपावयास हवा होता. तसे झाले नाही. तो वरच्या मजल्यावर गेला. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात फोन गेला की पहिलीने दुसरीस मिनिटामागे शुल्क द्यावयाचे असे. ते १ ऑक्टोबर २०१७ पासून १४ पैशांवरून ६ पैसे झाले होते. २०१९ मध्ये जिओने आपल्या जाळ्यातून जाणाऱ्या फोनची घंटी वाजण्याचा कालावधी कमी केला. घंटी लवकर थांबली की फोन उचलण्याचे राहून जाते, मग समोरचा उलट फोन करतो आणि शुल्काचा प्रवाह उलटा वाहू लागतो, असा प्रतिस्पर्ध्यांचा आक्षेप होता. जिओचे म्हणणे निराळे होते. पण थोड्याच दिवसांत प्रतिस्पर्ध्यांनीही आपला कालावधी २५ सेकंदांवर आणला. अखेर नियामक प्राधिकरणाने १ नोव्हेंबर २०१९ रोजी मोबाइलसाठी ३० आणि घरगुती फोनसाठी ६० सेकंद असा कालावधी ठरवून दिला. वसतिगृहातील मुलाची युक्ती हजारो कोटींच्या कंपन्यांच्या वादाचा विषय व्हावी, यात जराशी गंमत आहे. १ जानेवारी २०२१ पासून हे शुल्कच शून्य झाले.

मिनिटाची काटकसर निरर्थक झाल्यावर माप दिवसांचे झाले. २०१८ च्या नोव्हेंबरात फोन घेता यावा म्हणूनही दर २८ दिवसांस किमान ३५ रुपयांचे रिचार्ज एअरटेलने आवश्यक केले आणि ‘लाइफटाइम’ ह्या शब्दाचा अर्थ तेथेच संपला. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीची २८ दिवसांची प्रारंभीची योजना १९९ रुपयांची झाली. कंपन्यांच्या ‘महिन्या’त २८ दिवस असल्याने वर्षाचे महिने तेरा होतात. ह्या अधिक मासाबद्दल तक्रारी झाल्यावर प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीस ३० दिवसांची एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारी एक योजना ठेवावयास लावले. डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे आणि लघुसंदेश यांपुरत्या योजना सक्तीच्या झाल्या आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येऊ लागली. ज्या म्हाताऱ्या आईस मुंबईहून मुलाचा फोन फक्त घ्यावयाचा आहे, तिला २००६ मध्ये जी सोय होती तिच्या काहीशी जवळ जाणारी ही तरतूद होय. फुकट मात्र नव्हे.

अमर्याद बोलण्याच्या योजनेत वाढलेले विद्यार्थी आज ‘तुझा मिस्ड कॉल दिसला’ असे म्हणतात आणि त्यांना अभिप्रेत असते ते खरोखरच राहून गेलेले बोलणे. ‘देणे’ हे क्रियापद त्यांच्या वाक्यातून गळू लागले आहे. त्यांच्या आजीच्या तोंडी ते अद्याप आहे; आणि नातवाने तो फोन उचललाच, तर ती अजूनही घाईघाईने तोडून टाकते.