तळटीप ३४ : इन्स्पेक्टर कर्वे

३४. यश चोप्रांच्या ‘इत्तफाक’ (१९६९) या चित्रपटातले पोलीस अधिकारी; भूमिका इफ्तेखार यांची. तरुणपणी त्यांनी लखनौच्या कला महाविद्यालयातून चित्रकलेची पदविका घेतली होती, आणि पुढे अशोककुमारांना चित्रकलेचे धडे दिले. प्रेक्षकांनी मात्र त्यांना ओळखले ते मुख्यतः पोलीस अधिकारी म्हणून. आवाज न चढवता समोरच्याला गप्प करण्याची त्यांची ताकद विलक्षण होती. म्हणूनच ‘दीवार’मधला (१९७५) त्यांचा तस्कर दावरही तितकाच पटतो.

‘इत्तफाक’मध्ये एकही गाणे नाही. राजा नवाथे यांचा ‘गुमनाम’ (१९६५) नेमका दुसऱ्या टोकाचा : अगाथा ख्रिस्तीच्या कथानकावर बेतलेल्या खूनमालिकेत गाणी तर आहेतच, शिवाय मेहमूद आणि आपले धुमाळ हशा पिकवतात. दोन्ही चित्रपटांची नायिका एकच, मास्टर विनायकांची कन्या नंदा. लेखकाने या प्रकरणात ‘गुमनाम’ला हलकाफुलका म्हणून बाजूला सारले आहे, ते आम्हांला पटत नाही. हसणारा प्रेक्षक बेसावध असतो, आणि पुढचा खून त्याला अधिक दचकवतो; नवाथ्यांनी हे नेमके हेरले होते. — संपादक